खेकड्याचा चोथा आणि सोलापूरचा टॉवेल

पहिल्या पावसानंतर ओढ्यांना पाणी आलं की आमच्या घरी खेकड्याचं कालवण ठरलेलं. आई मोठ्या नांग्या बाजूला काढायची, बारीक पाय पाट्यावर वाटायची आणि पाणी घालून ते वाटण फडक्यातून पिळायची. रस कालवणात जायचा, फडक्यात उरायचा करकरीत चोथा. तो परसातल्या केराच्या ढिगावर. दिवाळीच्या आधी ढीग हलवताना बाकीचा केर कुजून काळाभोर झालेला असायचा, टरफलाच्या चिपा मात्र बऱ्याचशा तशाच. "हे कुजत का नाही गं लवकर?" असं मी विचारायचो. आई म्हणायची, "हाड कुठं लवकर कुजतं का?"

तिचं उत्तर निम्मं बरोबर होतं. उरलेलं निम्मं समजायला मला टॉवेलच्या डाईंगमध्ये पंचवीस वर्षं काढावी लागली. खेकड्याचं टरफल आणि मी रोज ज्याला रंग द्यायचो ते सूत, हे दोघं चुलतभाऊ आहेत.

हा विषय आत्ता काढण्याचं कारण असं, की जगातल्या काही किनाऱ्यांवर या चोथ्याचं काय करायचं हा मोठा प्रश्न झाला आहे. उदाहरणच घ्यायचं तर हिरवा खेकडा. हा मूळचा युरोप आणि उत्तर आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा. तळहातावर मावेल एवढा. जहाजांसोबत तो १८१७ च्या सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचला आणि १९८९ मध्ये पलीकडच्या बाजूला, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत सापडला. एक मादी एका खेपेला १ लाख ८५ हजारांपर्यंत अंडी घालते. हा खेकडा शिंपले फोडून खातो आणि तळाची माती उकरून सागरी गवत उपटून टाकतो. त्या गवतात माशांची पिल्लं वाढत असतात, म्हणजे नुकसान दुहेरी. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात लमी या आदिवासी समाजाचं समुद्राच्या पाण्याचं मोठं तळं आहे. तिथून २०२१ या एका वर्षात सत्तर हजारांहून जास्त हिरवे खेकडे काढले गेले, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या राज्यपालांनी आणीबाणीचा आदेश काढला.

आपल्याला हे समजायला समुद्र लागत नाही. वेडी बाभूळ आपण पाहिली आहे, गाजरगवत पाहिलं आहे. उजनीच्या जाळ्यात किती चिलापी येते ते भिगवणच्या बाजारात जाऊन बघा. तीही मूळची आफ्रिकेची. बाहेरून आलेलं एखादं घरच्यांना पुरून उरतं, तसंच तिकडे खेकड्याचं झालं.

इटलीत पो नदीच्या मुखाशी २०२३ मध्ये निळ्या खेकड्याने शिंपल्यांची शेती साफ केली. तिथल्या सरकारने त्यांना पकडण्यासाठी आणि विल्हेवाट लावण्यासाठी २९ लाख युरो बाजूला काढले. निळा खेकडा निदान अंगाने भरलेला असतो, लोक तो आवडीने खातात. हिरव्याची तीही सोय नाही. लहान, कडक, आणि आतलं मांस काढायला जीव मेटाकुटीला येतो. म्हणून पकडलेला खेकडा पुष्कळदा खड्ड्यात पुरला जातो. आणि आक्रमक खेकडे सोडून नुसते आपण खातो ते खेकडे, कोळंबी आणि लॉब्स्टर धरले, तरी जगभरात वर्षाला ६० ते ८० लाख टन टरफलं निघतात.

आता टरफलात काय असतं ते पाहू. मुख्य गोष्टी तीन.

पहिली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. नाव मोठं, पण वस्तू आपल्या पायाखालची आहे. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड, आणि चुनखडी म्हणजे मुख्यतः हेच. फरशीवर लिंबाचा रस सांडला आणि पुसायचा राहिला तर पांढुरका डाग पडतो, संडासचं अ‍ॅसिड सांडलं तर फेस येतो. आम्लाने दगड विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू बुडबुड्यांनी निघून जातो. टरफलाचा कडकपणा या दगडामुळे आहे. दुसरी गोष्ट प्रथिनं, ती सगळं एकमेकांना चिकटवून धरतात. तिसरी गोष्ट कायटिन, आणि आपल्याला रस आहे तो हिच्यात. कायटिन म्हणजे टरफलातला धागा. खेकड्याच्या जातीप्रमाणे हे प्रमाण बदलतं. ढोबळमानाने दगड २० ते ५० टक्के, प्रथिनं २० ते ४० टक्के आणि कायटिन १५ ते ४० टक्के.

धागा हा शब्द मी उपमा म्हणून वापरत नाही. टरफलात कायटिनचे खरोखर बारीक तंतू असतात आणि त्यांची मांडणी बघितली तर विणकराने हात जोडावेत. एका थरात सगळे तंतू एका दिशेला. वरच्या थरात तेच तंतू थोडेसे वळवलेले, त्याच्या वर आणखी थोडे, असं करत करत पूर्ण गिरकी. आपल्या कापडात ताणा उभा आणि बाणा आडवा, दिशा दोनच. इथे दिशाच दिशा. त्यामुळे तडा गेला तरी तो सरळ आरपार जात नाही, प्रत्येक थरात त्याला वळावं लागतं.

हे मी घरी करून पाहिलं. कालवणातून उरलेलं एक पाठीचं टरफल धुऊन काचेच्या बरणीत ठेवलं आणि बुडेल एवढं साधं व्हिनेगर ओतलं. लगेच कडांना बारीक बुडबुडे धरायला लागले, सोड्याच्या बाटलीत धरतात तसे. दुसऱ्या दिवशी व्हिनेगर बदललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी टरफल बाहेर काढलं तर आकार तोच, खाचाखोचा त्याच, पण बोटांत धरून दुमडलं तर पापडाच्या ओल्या लाटीसारखं वाकलं. दगड निघून गेला होता, प्रथिनं आणि धागा उरला होता. शाळेतल्या मुलांना दाखवायला यापेक्षा स्वस्त प्रयोग नाही.

आता चुलतभावाची गोष्ट. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. कायटिनसुद्धा तशीच साखरेच्या मण्यांची माळ आहे, मणी ओवण्याची पद्धतही तीच. फरक प्रत्येक मण्यावरच्या एका जागेत आहे. कापसाच्या मण्यावर जिथे ऑक्सिजन आणि हायड्रोजनची साधी जोडी असते, तिथे कायटिनच्या मण्यावर नायट्रोजन असतो आणि त्या नायट्रोजनवर अ‍ॅसिटिल नावाची एक टोपी घातलेली असते. माळा एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की पाणी आत शिरत नाही. म्हणूनच कायटिन पाण्यात विरघळत नाही आणि परसातल्या चिपा लवकर कुजत नाहीत. आईचं 'हाड' इथे चुकलं. हाडात वेगळ्या जातीच्या दगडाच्या जोडीला प्रथिनाचा धागा असतो, खेकड्यात साखरेचा.

हा धागा एकट्या खेकड्याचा नाही. झुरळ, विंचू, टोळ, सगळ्यांच्या अंगावर तो आहे, आणि बुरशीच्या पेशींच्या भिंतींतही आहे. किंबहुना तो सापडला तोच मुळी अळिंबीत, १८११ मध्ये, ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला. पुढे १८२३ मध्ये ओदिए यांना कीटकांत सापडला तेव्हा त्याला कायटिन हे नाव मिळालं, अंगरख्याला ग्रीकमध्ये असलेल्या शब्दावरून.

कायटिन नुसतं कायटिन राहिलं तर त्याचा उपयोग बेताचाच. सगळी जादू ती टोपी काढण्यात आहे. १८५९ मध्ये रूजे यांनी कायटिन कडक अल्कलीत उकळलं आणि न विरघळणारा पदार्थ सौम्य आम्लात विरघळायला लागला. टोपी उडालेल्या या कायटिनला आज आपण कायटोसान म्हणतो.

टोपी गेल्यावर होतं काय? नायट्रोजन उघडा पडतो. हलकं आंबट पाणी मिळालं की तो पाण्यातला एक हायड्रोजन आयन उचलून घेतो आणि त्याच्यावर धन विद्युतभार येतो. आता माळेतल्या बहुतेक मण्यांवर धन भार आला. सारखे भार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे बिलगलेल्या माळा सुट्या होतात आणि पदार्थ विरघळतो. शिवाय ज्याच्यावर ऋण भार आहे ते सगळं त्याला येऊन चिकटतं. कायटोसानचे जेवढे म्हणून उपयोग आहेत, त्यांतले बहुतेक या एका गोष्टीतून निघतात. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, कारण ऋण भाराची भानगड डाईंगवाल्याला आयुष्यभर पुरलेली असते. तिच्याकडे मी येतोच.

आधी रक्ताचं सांगतो. लाल रक्तपेशींच्या अंगावर ऋण भार असतो. जखमेवर कायटोसानची पट्टी दाबली की पेशी तिला चिकटतात, एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. रक्त गोठवण्याची शरीराची जी स्वतःची यंत्रणा असते, तिच्यावर यात फारसं अवलंबून राहावं लागत नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत अशा पट्ट्यांना मान्यता मिळाली आणि इराक, अफगाणिस्तानात सैनिकांच्या जखमांवर त्या वापरल्या गेल्या. आपल्या अश्रूंत आणि लाळेत लायसोझाइम नावाचं विकर असतं, ते कायटोसानच्या माळा हळूहळू तोडू शकतं. त्यामुळे शरीरात विरून जाणाऱ्या वस्तू बनवण्यासाठीही हा पदार्थ सोयीचा आहे. टरफलाची अ‍ॅलर्जी असलेले लोक इथे घाबरतात, ते साहजिक आहे. ती अ‍ॅलर्जी मुख्यतः प्रथिनाची असते, धाग्याची नाही. तरीही प्रथिन किती काढलं आहे हे डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा अशा माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही वापरू नये. गुडघेदुखीवर घेतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यासुद्धा पुष्कळदा टरफलापासूनच बनतात. माळेतला सुटा मणी तो. गुण येतो का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही.

मग फळं. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इथेच केगावला आहे, म्हणून हा भाग आपल्या जिव्हाळ्याचा. कायटोसानच्या पातळ द्रावणात फळ बुडवून वाळवलं की सालीवर न दिसणारा पापुद्रा बसतो. फळातलं पाणी कमी उडतं आणि बुरशीही दबते. झाडावरही त्याचा परिणाम होतो, तो कसा हे ऐकण्यासारखं आहे. बुरशीच्या अंगावर कायटिन असतं हे झाडांना ठाऊक आहे. कायटिनचे तुकडे ओळखणारे चौकीदार पानांच्या पेशींवर असतात. तुकडा हाती लागला की झाड 'बुरशी आली' असं समजून आपली शस्त्रं बाहेर काढतं. कायटोसान फवारलं तरी झाड असंच जागं होतं. पण इथे एक सांगतो. तेल्या हा डाळिंबावरचा रोग जिवाणूमुळे येतो. एखाद्या बाटलीवर 'कायटोसान, तेल्यावर रामबाण' असं लिहिलेलं दिसलं, तर पैसे देण्याआधी संशोधन केंद्रात जाऊन विचारा.

आता माझा प्रांत. सुती टॉवेलला आपण रिअ‍ॅक्टिव्ह रंग देतो. पाण्यात भिजलेल्या कापसावर थोडा ऋण भार असतो आणि रंगाच्या रेणूवरही ऋण भार असतो. दोघं एकमेकांपासून दूर पळतात. त्यांना जवळ आणायला आपण मीठ घालतो, आणि तेही चिमूटभर नाही. गडद शेड असेल तर लिटरमागे पन्नास, साठ, ऐंशी ग्रॅम. एवढं करूनही काही रंग पाण्यातच राहतो. बॅच झाली की ते खारट रंगीत पाणी बाहेर काढायचं. रंग निदान डोळ्यांना दिसतो, त्यावर ओरड होते. मीठ दिसत नाही, आणि साध्या प्रक्रियेने ते पाण्यातून निघतही नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ज्याने काम केलं आहे त्याला हे सांगायला नको.

कायटोसान इथे दोन ठिकाणी कामाला येतं. रंगवण्याआधी सुताला त्याचा हात दिला, तर सुतावर धन भार बसतो आणि रंग आपण होऊन ओढला जातो. मीठ कमी लागतं. आणि रंगवल्यानंतरच्या पाण्यात घातलं तर उरलेला रंग त्याला चिकटून गुठळ्या होऊन तळाशी बसतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ बसतो ना, त्याचंच हे भावंड. तुरटीत धन भाराचं काम अ‍ॅल्युमिनियम करतं, इथे साखरेची माळ करते. खालच्या गाळाची विल्हेवाट मात्र लावावीच लागते. रंग नाहीसा होत नाही, नुसता गोळा होतो.

इतकं सगळं चांगलं असेल तर जगभर टरफलं वाया का जातात? कारण ती साफ करण्याची रीतच मळकी आहे. आधी सौम्य कॉस्टिकमध्ये, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, उकळून प्रथिनं काढायची. मग हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये दगड विरघळवायचा. आणि शेवटी टोपी उडवण्यासाठी ४० ते ५० टक्क्यांच्या कॉस्टिकमध्ये तासन्‌तास शंभर अंशांच्या आसपास तापवायचं. कॉस्टिक काय असतं ते मी हातावर घेतलेलं आहे. आधी साबणासारखं बुळबुळीत लागतं, दुखत नाही, आणि दुखायला लागतं तेव्हा कातडी गेलेली असते. प्रत्येक पायरीनंतर धुणं आलंच. कोळंबीच्या टरफलांपासून एक किलो कायटोसान काढायला एक टनाहून जास्त पाणी लागतं. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि लोक तारखा लक्षात ठेवून बॅरल भरतात, तिथे हा आकडा वाचून मी थांबलो. किनाऱ्यावरची घाण उचलून नाल्यात सोडायची, आणि वर तिला पर्यावरणपूरक म्हणायचं, हे मला पटणार नाही.

म्हणून मला कायटोसानच्या उपयोगांपेक्षा ते बनवण्याच्या नव्या रीतींचं अप्रूप जास्त आहे. एक रीत विरजणाची. दह्यात असतात त्या जातीचे जिवाणू थोड्या साखरेसोबत वाटलेल्या टरफलांत सोडायचे. त्यांनी बनवलेलं लॅक्टिक आम्ल दगड विरघळवतं आणि विकरं प्रथिनं पचवतात. कायटिन मागे राहतं आणि उरलेल्या पाण्याचा पशुखाद्यासाठी उपयोग होऊ शकतो. वेळ लागतो आणि सफाई कॉस्टिकइतकी चोख होत नाही, पण नाल्यात विष जात नाही.

दुसरी रीत कुटण्याची, आणि ही सोलापूरच्या माणसाला चटकन कळावी. शेंगाचटणी मिक्सरला फिरवली तर कोरडं कूट होतं. तीच उखळात कुटली की शेंगदाण्याचं तेल सुटतं, चटणी लालभडक ओलसर होते. वरून काही घातलेलं नसतं, नुसत्या दाबाने आणि घासण्याने आतलं बाहेर येतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ऑद्री मूर्स यांच्या गटाने कायटिन आणि कॉस्टिकची कोरडी पूड अशीच चक्कीत दळली. दळल्यामुळे बिलगलेल्या माळा विस्कटतात. मग ते मिश्रण दमट, उबदार जागी काही दिवस नुसतं ठेवून द्यायचं. टोपी आपोआप उतरत जाते, उकळावं लागत नाही आणि कॉस्टिकही बरंच कमी पुरतं. ऊब साधारण आपल्या एप्रिल-मे महिन्यांतली. ऊन सोलापूरचं चालेल, दमटपणा मात्र कोकणातून आणावा लागेल. याच गटाने कॅनडातल्याच नोव्हा स्कोशिया प्रांताच्या किनाऱ्यावरच्या हिरव्या खेकड्यांची टरफलं वापरून प्लॅस्टिकला पर्याय शोधायला सुरुवात केली. कायटोसानचा पापुद्रा छान पारदर्शक होतो, पण दमट हवेत पाणी धरतो आणि नरम पडतो, त्यावर अजून काम बाकी आहे.

एक धोका वेगळाच आहे. ट्युनिशियात निळा खेकडा आला तेव्हा जाळी फाडणाऱ्या या प्राण्याला मच्छीमारांनी एका दहशतवादी संघटनेचं नाव ठेवलं होतं. काही वर्षांत तोच खेकडा गोठवून परदेशी पाठवण्याचे कारखाने उभे राहिले. माणसांच्या हाताला काम मिळालं, हे उत्तमच. पण एकदा कारखाना उभा राहिला की त्याला दरवर्षी माल लागतो, आणि मग खेकडा संपावा असं कुणालाच वाटेनासं होतं. आक्रमक जातीचा कच्चा माल करायचा असेल, तर ती कमी झाल्यावर कोळंबीच्या टरफलांवर चालेल अशीच यंत्रणा उभी करायला हवी. टरफलांना तोटा नाही. ज्यांना प्राण्यापासून आलेली वस्तू नको, त्यांच्यासाठी बुरशीपासूनही कायटोसान काढतात. लिंबूसत्व बनवताना वापरतात ती काळी बुरशी त्यासाठी चालते.

आपल्या जिल्ह्यात हिरवा खेकडा येणार नाही, चिलापी मात्र घरात येऊन बसली आहे. तिच्या कातडीत कायटिन नसतं, कोलॅजन असतं. ब्राझीलमध्ये फोर्तालेझाच्या डॉक्टरांनी निर्जंतुक केलेली चिलापीची कातडी भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर पट्टीसारखी बसवून पाहिली. कातडी चिकटून राहते, त्यामुळे रोज पट्टी बदलण्याच्या यातना वाचतात. भिगवणला मासे साफ करणाऱ्या बायकांच्या पायाशी ही कातडी आणि खवले टोपल्यांनी पडलेले असतात.

गेल्या महिन्यात मी थोडी कायटोसानची पावडर मागवली. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम पावडर आणि थोडं व्हिनेगर घालून रात्रभर ढवळत ठेवलं. सकाळी पातळ खळीसारखं द्रावण झालं होतं. एका जुन्या पांढऱ्या टॉवेलचे दोन तुकडे केले, एक त्यात बुडवून, पिळून वाळवला, दुसरा तसाच ठेवला. दोन बरण्यांत सारखाच निळा रंग, सारखाच सोडा, आणि मीठ दोन्हींत अजिबात नाही. तासाभराने दोन्ही तुकडे बाहेर काढून धुतले. साधा तुकडा फिकट आकाशी, जेमतेम रंग धरलेला. दुसरा गडद निळा. शेजारचे पद्मशाली मामा चाळीस वर्षं मागावर बसलेले, त्यांना तुकडा दाखवला. त्यांनी तो अंगठ्याने चोळला, उन्हात धरला आणि म्हणाले, "रंग चढलाय बेस. पण कापड हाताला कडक लागतं रे. आणि हे बघ, इथं डाग." खरंच, एका कडेला द्रावण जास्त बसलं होतं तिथे दोन गडद ठिपके होते.

बरण्या अजून खिडकीत आहेत. साध्या तुकड्याच्या बरणीतलं पाणी शाईसारखं आहे. दुसरीतल्या पाण्यातून पलीकडचं लिंबाचं झाड दिसतं. आता द्रावण निम्मं पातळ करून बघणार आहे.